ज्वारीच्या कण्यांचं सारण गिच्च होतंय? मसाल्याला हात लावण्याआधी हे तपासा

भरल्या वांग्यात, ढोबळी मिरचीत किंवा दोडक्यात ज्वारीच्या कण्यांचं सारण घातलं की यातली एखादी तक्रार हमखास येते.

सारण गिच्च होतं. चमच्यातून सुटत नाही, टाळूला चिकटतं, वांगं फोडलं की आत खळीसारखा गोळा दिसतो.

वरून मऊ आणि आतून कचकच. दोन घास खाल्ले की दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं.

मोकळं होतं, पण इतकं मोकळं की मिरची उचलली की निम्मं सारण ताटात.

सकाळी झकास लागतं, दुपारी डबा उघडला की कडक.

सारण शिजतं, वांगं मात्र कच्चं राहतं. किंवा मिरची फुटून सगळं रश्श्यात उतरतं आणि बूड लागतं.

घशाशी कडवट, खवट चव राहते. कधी डब्याला आंबूस वास येतो.

मी लातूरला डब्यांचं काम करते. शिकवण्यांसाठी गावोगावाहून आलेली मुलं-मुली हेच माझं गिऱ्हाईक. त्यातल्या एका मुलीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मावशी, मी दूध, दही, तूप, मध काहीच खात नाही. पण नुसत्या वरण-भातावर नका ठेवू मला." तिच्यासाठी म्हणून भाकरीसोबत तोंडी लावायला हे सारण भरलेली भाजी सुरू केली. आता इतरही मागतात. पनीर नाही, खवा नाही, दही नाही. ज्वारी, शेंगदाणे, तीळ, जवस, कांदा, लसूण, करडीचं तेल आणि काळं तिखट, सगळं आपल्या भागात पिकणारं. शहरात याला वीगन म्हणतात. आमच्याकडं ज्या घरात दुभतं नसायचं तिथं रोजचा स्वयंपाक असाच व्हायचा.

सहा वर्षं झाली. हेच बिघाड मी माझ्या चुलीवर, बहिणीच्या घरी आणि फोनवरून पुतणीच्या पुण्यातल्या ओट्यावर दुरुस्त करत आलेय. त्यातून एक पक्कं कळलंय. दोष मसाल्यात क्वचितच असतो. दाणा, त्यातलं पीठ आणि पाणी या तिघांत तो असतो, आणि आपण मात्र चव बिघडली की आधी तिखट-मीठ वाढवतो.

माझं माप सांगून ठेवते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. दीडशे मिलिलिटरच्या वाटीनं एक वाटी जाडसर कण्या, सव्वादोन वाट्या उकळतं पाणी, अर्धी वाटी शेंगदाण्याचं जाडसर कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, एक चमचा जवसाचं कूट, एक मोठा कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे काळं तिखट, तीन चमचे तेल, मीठ, मूठभर कोथिंबीर. चिंचेचा कोळ वेगळा. एवढ्यात मध्यम सहा ढोबळी मिरच्या किंवा लहान अठरा-वीस वांगी भरतात. कण्या म्हणजे कोंड्यासकट, अंकुरासकट भरडलेली ज्वारी. कांडून पांढरी केलेली ज्वारी लवकर शिजते खरी, पण कोंडा गेला की ते सबंध धान्याचं सारण राहत नाही.

आता तपासणी. पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी.

चाळणी

मूठभर कण्या घ्या, तळहातावर चोळा, परत डब्यात टाका आणि हात बघा. हाताच्या रेषांत पांढरं पीठ बसलेलं दिसलं तर तुमचा बिघाड सापडला.

पुतणीचा फोन आला होता. "काकू, पाणी कमी घातलं की कच्चं राहतं, जास्त घातलं की लगदा होतो. मधलं माप सांगा ना." मी म्हटलं, माप राहू दे, व्हिडिओ लाव आणि कण्या चोळून दाखव. तिचा हात रांगोळी काढून उठल्यासारखा पांढरा होता. रव्याच्या चाळणीनं चाळायला लावलं, तर एका किलोतून दोन वाट्या पीठ निघालं. त्या पिठाची तिनं भाकरी केली आणि उरलेल्या कण्या त्याच जुन्या मापानं शिजवल्या. सारण सुटसुटीत झालं.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण गिच्च आणि कचकच या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात. पाणी तापलं की सगळ्यात आधी ते पीठ शोषून घेतं. सत्तर अंशांच्या आसपास ज्वारीतला स्टार्च फुगून फुटतो आणि पिठाची खळ होते. ती खळ कणीभोवती चिकटते, मग कणीच्या पोटात पाणी शिरायला वाट राहत नाही. पातेल्यात वरून लगदा आणि आतून कच्चा दाणा, दोन्ही एकदमच. अशा वेळी पाणी वाढवलं की खळ वाढते, कमी केलं की दाणा आणखी कच्चा राहतो. माप शोधत बसून उपयोग नाही, पीठ काढलं पाहिजे.

चाळल्यावर दोन पाण्यांनी झटपट धुवा आणि निथळा. पहिलं पाणी ताकासारखं पांढरं असेल, दुसरं गढूळ. एवढं पुरे. कण्या तासन्‌तास भिजत ठेवू नका, कडा सुटतात आणि पुन्हा पीठ तयार होतं. वीस मिनिटं चालतील.

भाजणं, पाणी आणि उलथणं

निथळलेल्या कण्या कोरड्या कढईत मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परता. ओल गेली पाहिजे आणि भाकरी शेकताना येतो तसा वास सुटला पाहिजे. भाजल्यानं कणीचा वरचा थर घट्ट होतो, तो पाणी हळू घेतो, आणि कण्या एकमेकींना धरत नाहीत. रंग तांबडा होऊ देऊ नका, तिथून कडवटपणा सुरू होतो.

पाणी उकळतंच घाला. गार पाणी घालून पातेलं गॅसवर ठेवलं तर ते तापेपर्यंत कण्या त्यात बसून स्टार्च सोडत राहतात. मीठ-तेल घालून एकदा ढवळा, झाकण लावा, आच बारीक करा, पंधरा ते अठरा मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही. शिजत आलेली कणी कडेनं नाजूक असते, प्रत्येक उलथण्यानं ती मोडते. पातेलं बुडाला लागेल अशी भीती असेल तर खाली तवा ठेवा.

ढवळायची सवयच सुटत नसेल तर वाफेवर करा. धुतलेल्या कण्या वीस मिनिटं भिजवून, निथळून, मोदकपात्रात कापडावर पसरून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. आपल्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, पिठाचे उंडे वाफवतात तेही याच समजुतीनं. वाफेत पीठ पाण्यात सुटत नाही, जिथल्या तिथं शिजतं.

अंगठ्याची परीक्षा

गॅस बंद करण्याआधी एक कणी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबा. पसरली पाहिजे. पसरली, पण मधोमध खसखशीएवढा पांढरा ठिपका राहिला, तर अजून कच्ची आहे. दोन चमचे उकळतं पाणी शिंपडा आणि पाच मिनिटं ठेवा. ही परीक्षा तीन ठिकाणच्या कण्यांवर घ्या: वरची, मधली, कडेची. कडेची नेहमी मागे राहते.

अर्धकच्ची कणी भाजीत भरली की ती रश्श्यातलं पाणी ओढून फुगते. मिरची फुटते, रस्सा आटतो, बूड लागतं. म्हणजे फुटलेल्या मिरचीचा दोष बहुतेक वेळा मिरचीचा नसतोच. नीट शिजलेली कणीसुद्धा थोडी फुगते, म्हणून भाजी गच्च भरू नका. पाव भाग रिकामा ठेवा.

परात

ही तपासणी मी एका डोहाळजेवणात शिकले. साठ पानांचं काम होतं. घाई होती म्हणून गरम सारणातच कूट-मसाला कालवला आणि लगेच वांगी भरायला घेतली. चाळलेल्या, भाजलेल्या, उत्तम शिजलेल्या कण्या होत्या. तरी पातेल्याच्या तळाचं सारण वरच्यापेक्षा ओलं, आणि तिसऱ्या ताटलीपर्यंत सगळ्याचा लगदा झाला. वाफ कुठं जाणार होती? झाकणाला लागून पाणी झाली आणि परत सारणातच पडली. त्यात शेंगदाण्याच्या कुटानं तेल सोडलं. त्या पोरीच्या ओटीभरणाच्या पंगतीत मला ती वांगी वाढवेनात. शेवटी सारण बाजूला काढलं आणि नुसत्या कुटाची भरून दिली.

तेव्हापासून कण्या शिजल्या की दहा मिनिटं झाकून मुरू देते आणि लगेच परातीत पसरते, बोटाच्या पेराएवढा थर. पंख्याखाली पंधरा मिनिटं. हाताला कोमट लागल्या, मुठीत दाबून सोडल्या की सुटल्या, म्हणजे भरायला तयार. मसाला त्यानंतर. कांदा-लसणाची फोडणीसुद्धा वेगळी करून, थोडी निवल्यावर घालायची.

चिंच आणि कोथिंबीर कधी

वांगं कच्चं राहण्याची तक्रार असेल तर चिंचेची वेळ बघा. आंबट पदार्थ भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटू देत नाहीत, म्हणून चिंचेच्या पाण्यात वांग्याची साल चिवट राहते. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिंच अशी नामी असली तरी तिची पाळी शेवटी. वांगं सुरीला मऊ लागलं की मग रश्श्यात कोळ, वर पाच मिनिटं उकळी. सारणात चिंच घालूच नका. सारणाला आंबटपणा हवाच असेल तर भरताना चिमूटभर आमचूर चालेल.

कोथिंबिरीचंही तसंच, ती गार सारणात. गरम सारणात टाकली की काळी पडते आणि पाणी सोडते. आमच्याकडची कास्ती कोथिंबीर मिळाली तर दांड्यासकट चिरा, तिच्या वासाला दुसरी येत नाही.

सांडतंय, बांधत नाही

मोकळं सारण ही चांगली खूण आहे, त्याला थोडं धरायला काहीतरी द्यायचं एवढंच. दही, दुधाची साय किंवा खवा टाकायचा मोह होतो, पण मग ते वीगन राहत नाही, आणि खरं तर गरजही नाही. जवसाच्या सालीत डिंकासारखा चिकट अंश असतो. एक चमचा जवसाचं कूट तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होईल. ते सारणात कालवा. त्यानंही नाही बांधलं तर दोन चमचे येसर घाला. येसर आपल्याकडं लग्नाच्या आमटीला करतात तोच, भाजलेल्या धान्य-डाळीचा. पीठ आधीच भाजलेलं असल्यानं कच्ची चव येत नाही. कच्चं बेसन घालू नका, आत शिजत नाही.

विकतच्या मसाल्याचं आणि येसरचं पाकीट वाचून घ्या. काहींत दुधाची भुकटी असते. आणि घरात कोणी तुपाचा हात लावून परात ठेवत असेल तर तीही धुऊन घ्या. जी मुलगी विश्वासानं डबा खाते, तिला हे सांगायची वेळ येऊ नये.

डब्यात कडक होतंय

शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बसतो, भाकरी सकाळची संध्याकाळी कडक होते तसा. फ्रीजमध्ये हे सगळ्यात लवकर होतं. म्हणून सारण मुद्दाम अर्धं-कच्चं ठेवून चालत नाही, ते आणखी कडक होणार. उपाय दोन: सारणात तेल जरा सैल हातानं, आणि खाताना वाफ. चमचाभर पाणी शिंपडून पाच मिनिटं झाकण लावून गरम केलं की पुन्हा मऊ होतं. नुसतं तव्यावर परतलं तर वाळतं.

कडवट, खवट, तुरट

इथं नाक वापरा. प्रत्येक वस्तूचा डबा वेगळा उघडा आणि वास घ्या. शेंगदाण्याचं कूट जुनं असेल तर रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तीळ आणि कारळं जास्त भाजले गेले असतील तर कडू होतात. आणि कण्या स्वतःसुद्धा खवट होतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सबंध ज्वारी वर्षभर टिकते, पण भरडली की अंकुरातलं तेल उघडं पडतं आणि हवेनं बिघडतं. आपल्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांपलीकडं कण्या बाहेर ठेवू नका. लागतील तेवढ्याच भरडून आणा.

शेंगदाण्यांत काळपट, सुरकुतलेले, हिरवी बुरशी धरलेले दाणे असतील तर वेचून फेका. पुष्कळ असतील तर सगळे फेका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. याबाबतीत काटकसर नको.

तुरट चव, जिभेला ओढ बसल्यासारखी, आली तर ज्वारीचं वाण बघा. तांबूस-तपकिरी सालीच्या काही वाणांत टॅनिन असतं, त्याची ती चव. मसाला वाढवून ती झाकत नाही.

पाणी, मग धान्य बदला

वरचं सगळं बरोबर असूनही दाणा मऊ होत नसेल, आणि तुम्ही सारणात हरभऱ्याची डाळ किंवा मटकी घालत असाल तर तीही शिजत नसेल, तर बोअरच्या पाण्याकडं बघा. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळ लवकर मऊ होऊ देत नाही. एकदा फिल्टरच्या किंवा नळाच्या पाण्यात करून बघा, फरक पडला तर प्रश्न मिटला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत जे मिळेल त्या पाण्यात रांधलं आणि एकाच डाळीला तीन तऱ्हेनं शिजताना बघितलं. धान्य निथळलेलं पाणी भाकरीच्या पिठात वापरायची सवय तेव्हाची, ती मी मोडली नाही.

मग धान्य. सारणाला रब्बीची ज्वारी घ्या. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, काळ्या रानातल्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत निघते, म्हणून दाणा टपोरा, चमकदार आणि टणक असतो. मालदांडी उत्तम. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे परभणी मोती, परभणी ज्योती हेही रब्बीचेच वाण. जालन्याकडं असाल तर तिथली दगडी ज्वारी आहे, तिलाही २०२४ साली मानांकन मिळालं. खरिपाची संकरित ज्वारी परतीच्या पावसात सापडली की काळी पडते, दाणा भुसभुशीत होतो, आणि भरडताना त्याचं पीठच जास्त निघतं. कळलं ना, फिरून पुन्हा पिठावरच आलो. दाणा दातानं फोडून बघा: आत काचेसारखा कडक थर दिसला तर घ्या, सगळा खडूसारखा असेल तर तो भाकरीला ठेवा.

सबंध दाण्याचं सारण करत असाल तर

कण्यांऐवजी सबंध ज्वारी आठ-दहा तास भिजवा, तिप्पट पाणी, कुकरची पहिली शिट्टी झाली की बारीक आचेवर पंचवीस मिनिटं. जुन्या ज्वारीला आणखी दहा मिनिटं. मग चाळणीत निथळून परातीत. दाणा फुटून हसला पाहिजे, पण आकार राहिला पाहिजे. निम्मे दाणे खलबत्त्यात एकदा ठेचून घेतले तर भाजीत बसतात.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि पाण्यात थेंबभर तेल टाका. ज्वारीला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत जाऊन वाळतो. झाकण लावण्याआधी ती नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का बघा.

गिरणी

सगळ्यात शेवटची आणि कष्टाची गोष्ट. दर वेळी चाळून चौथा हिस्सा पीठ निघत असेल तर भरडणंच चुकतंय. ज्वारीला पाण्याचा हबका मारून, चोळून तासभर झाकून ठेवा आणि मग सावलीत कोरडी करून न्या. ओलसर साल चिवट होते, दाणा पिठात न जाता तुकड्यांत फुटतो. गिरणीवाल्याला सांगा, पाती सैल ठेवून भरड काढा, आणि पहिली दोन ओंजळ वेगळी घ्या, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ असतं. घरी जातं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कण्या तरीही कुठं बारीक, कुठं जाड येत असतील, तर जात्याला टाकी लावायची वेळ झाली. ते काम टाकी लावणाऱ्याचंच. छिन्नी घेऊन स्वतः बसू नका, एक टवका चुकीचा उडाला की दगड वर्षभर खडे पाडतो आणि ते पोटात जातात.

इथं थांबा

गिच्च झालेलं सारण दोनदा वाचवायचा प्रयत्न झाला की थांबा. परातीत पसरून, कढईत परतून सुटलं नाही तर ते सुटणार नाही. त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, ओवा, हिरवी मिरची घालून धपाटे लावा. मुलं आवडीनं खातात आणि एक दाणा वाया जात नाही.

आंबूस वास आला, बोट लावल्यावर तार सुटली, तर वाचवायचं नाही, फेकायचं. शिजवलेल्या धान्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत आणि त्यानं सोडलेलं उलट्या करणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. बाहेर दोन तास, मे महिन्यात एक तास, त्यापुढं फ्रीज. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस चालू करा. थांबत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल, तर वाट न बघता दवाखाना.

कुकर तापूनही शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेनं वाफ येते किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह उडालाय, तर गॅस बंद, कुकर पूर्ण गार, आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडं. त्या जागी दुसऱ्याच मापाचा व्हॉल्व्ह ठोकणं किंवा तार गुंडाळणं जिवावर बेततं.

जेवणाऱ्यापैकी कुणाला गव्हाचा, ग्लुटेनचा त्रास डॉक्टरांनी सांगितला असेल, तर ज्वारी स्वतः चालते म्हणून निर्धास्त राहू नका. गिरणीत गहू दळलेला असतो, आणि बाजारच्या पुष्कळ हिंगांत गव्हाचं पीठ असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कुटाऐवजी काय चालेल तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, अंदाजानं नाही.

आणि धान्याबद्दल दोन गोष्टी, ज्यांत कुठलीही घरगुती युक्ती चालत नाही. गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग चढवलेली ज्वारी पेरणीच्या बियाण्याची असते, त्यावर औषध लावलेलं असतं. कितीही पाण्यांनी धुतली तरी ती खायची नाही, कोंबड्यांनाही घालायची नाही. दुसरं, कणगीतून किंवा पोत्यातून लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आला, करड्या भुकटीचे अंश दिसले, तर कीड मारायच्या गोळ्या ठेवलेल्या आहेत असं समजा. तो अॅल्युमिनियम फॉस्फाइडचा वायू असू शकतो आणि त्याच्यावर उतारा नाही. पाणी मारू नका, पाणी लागलं की वायू आणखी जोरात सुटतो. दारं-खिडक्या उघडून घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, धान्याला हात लावू नका आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा. कुणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपण वाटत असेल तर आधी त्याला सरकारी दवाखान्यात न्या, आणि गोळ्यांचं नाव डॉक्टरांना सांगा.